मागे जाता न येणारा पेपर

औषधांच्या गोदामात साठ्याच्या नोंदी करणाऱ्या वहिनींनी नेटवर्क इंजिनिअरिंगची परीक्षा द्यायचं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात आधी हसला तो त्यांचा नवरा. "हे काय नवीन खूळ?" पण खूळ नव्हतं ते. गोदामाचं नेटवर्क सांभाळणारा माणूस नोकरी सोडून चालला होता आणि साहेब वहिनींना म्हणाले होते, "सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. तोवर कुणीतरी तात्पुरता बघेल."

शिकवायला माणूस घरातच होता. धाकटा दीर याच धंद्यातला. फक्त त्या परीक्षेचं नाव काढलं की तो ताटावरूनसुद्धा उठायचा, कारण तिथे तो दोनदा आपटला होता.

"भावोजी, शिकवाल मला?"

"वहिनी, मीच नापास. आंधळ्याने आंधळ्याला काय वाट दाखवायची?"

"मग दोघं मिळून धडपडू. एकट्याने पडण्यापेक्षा बरं."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर अभ्यास सुरू झाला. पहिल्याच दिवशी घोडं अडलं. प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो इथपर्यंत ठीक होतं, पण त्या पत्त्याला मास्क नावाचं एक शेपूट कशाला, हे वहिनींच्या डोक्यात शिरेना.

"पाठ करा. मीही पाठच केलंय," धाकटा म्हणाला.

"पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी उडून जातं. कशाला ते सांगा ना."

तो सांगायला गेला आणि मध्येच थांबला. इतकी वर्षं तो मास्क टाईप करत होता, पण कशाला हे कुणी विचारलंच नव्हतं. चहा निवून गेला. मग तो हळूहळू बोलायला लागला. "समजा तुम्हाला कुणाला डबा पोचवायचाय. आपल्याच गल्लीत असेल तर स्वतः नेऊन द्याल. बाहेर असेल तर नाक्यावरच्या माणसाच्या हवाली कराल. तो नाक्यावरचा माणूस म्हणजे राउटर. पण पत्ता बघून गल्ली आपली की परकी, हे मशीनने ओळखायचं कसं? मास्क तेवढंच सांगतो. गल्ली कुठे संपते आणि घराचा नंबर कुठे सुरू होतो."

"असं सरळ सांगायचं की आधी!"

"मला तरी आधी कुठे माहीत होतं?"

मग दर रविवारी हेच. वहिनी 'का' विचारायच्या आणि धाकटा डोकं खाजवत उत्तर शोधायचा. शेवटी त्यानेही फॉर्म भरला. दोघं एकाच दिवशी, एकाच केंद्रावर गेले.

धाकटा पास झाला. वहिनी थोडक्यात नापास झाल्या.

त्या पेपरात एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. सुरुवातीलाच चार राउटरची एक आकृती आली, आणि उत्तर बरोबर वाटत असूनही ते का बरोबर आहे हे पटेना, म्हणून वहिनी तिथेच रुतल्या. शेवटचे कितीतरी प्रश्न त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत.

घरी सासऱ्यांनी धाकट्याला जवळ घेतलं. नवरा वहिनींना म्हणाला, "अगं, पहिल्या खेपेला एवढं आलं हेच खूप." तो मनापासूनच बोलला होता, तरी ते लागलं. वहिनींनी हसून सगळ्यांना चहा दिला. आत मात्र काहीतरी कुरतडत होतं. पेरलं आपण आणि कापलं दुसऱ्याने, असा विचार मनात आला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्याने काय कमी मेहनत घेतली होती?

वहिनी अभ्यासाच्या टेबलाशी जायचं टाळू लागल्या. रविवारी काही ना काही काम काढायच्या. एकदा त्या इस्त्री करत असताना धाकटा दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, मी तुमच्या प्रश्नांमुळे पास झालो."

"मग त्याच प्रश्नांनी मला कसं पाडलं?" त्यांनी वर पाहिलं नाही.

एरवी तो काहीतरी विनोद मारून सटकला असता. आज तो आत येऊन बसला. "तुम्हाला अर्धवट कळलेलं मागे टाकवत नाही. मला टाकवतं. मी आयुष्यभर तेच करत आलोय. पेपरला दोन्ही लागतं."

"म्हणजे आता तुमच्याकडून आळस शिकू?"

"शिका की. त्या विषयात मी कधीच नापास झालेलो नाही."

वहिनी हसल्या. इस्त्री तेवढी कॉलरवरच राहिली आणि नवऱ्याच्या शर्टाला पिवळा डाग पडला.

पुन्हा टेबल मांडलं गेलं. आता धाकटा घड्याळ घेऊन बसायचा आणि वेळ झाली की वहिनींच्या हाताखालचा कागद ओढायचा. त्या चिडायच्या, कागद घट्ट धरून ठेवायच्या. एकदा तो फाटलासुद्धा. "तुमचं खरंय हो, पण पुढचा प्रश्न वाट बघतोय," एवढंच तो म्हणायचा.

दुसऱ्या खेपेला एका प्रश्नावर वहिनींचा हात पुन्हा थबकला. न पटलेल्या उत्तरावर खूण करून त्या पुढे गेल्या. कुणाला तरी दारात ताटकळत ठेवून निघून आल्यासारखं वाटलं त्यांना. पण सगळे प्रश्न पाहून झाले, आणि त्या पास झाल्या. निकालाचा कागद त्यांनी आधी नवऱ्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "खूळ म्हणालो होतो ना मी?"

"म्हणाला होतात."

"चुकलंच माझं."

साहेबांनी शब्द पाळला. नेटवर्कची खोली गारठलेली, पंख्यांच्या आवाजाने भरलेली. सगळ्या तारा एकाच रंगाच्या आणि एकीवरही चिठ्ठी नाही. वहिनी शाल पांघरून एकेक तार शोधत, तिच्यावर चिठ्ठी चिकटवत बसल्या. साहेब डोकावले. "सगळं चालू आहे ना? मग हा खटाटोप कशाला?"

"चालू आहे, साहेब. पण का चालू आहे, ते इथे कुणालाच माहीत नाही," वहिनी म्हणाल्या आणि पुढची तार हातात घेतली.