राहिलेली पाळी

शिक्षण खात्याचे साहेब शाळेला कुलूप लावायला आले, तेव्हा फळा आमच्या अंगणात पोचला होता. लावा म्हटलं, रिकाम्या खोलीला खुशाल लावा!

पट कमी म्हणून शाळा बंद. पोरांनी ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जायचं. पावसाळ्यात तो ओढा म्हशींनाही जुमानत नाही. म्हणजे माझा प्रज्ञेश दुसरीतच घरी बसणार. माझं नुसतं डोकं फिरलं.

"राणी, तू डी.एड. काहून केलं? भाकरी थापायला?" माझ्या सासूबाई, कमलबाई म्हणाल्या. "शिकव अंगणात. आमी बी असंच शिकलो."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या गावच्याच लेक. आमच्या बौद्ध वस्तीत शाळा सुरू झाली तेव्हा गुरुजी होते, फळा होता, खोली नव्हती. शाळा पाळीनं अंगणाअंगणात भरायची. रीत एकच, ज्या घरची पाळी त्या घरच्या बाईनं येऊन फळा डोक्यावर न्यायचा. वरच्या आळीतल्या व्यंकटरावांच्या आईची पाळी आली, तर तिचा निरोप, "दारात आणून टाका." वस्तीतला फळा डोक्यावर घेतला तर विटाळ होत होता ना! आत्याबाईंच्या आईनं उलट सांगितलं, "मग ऱ्हाऊ द्या पाळी." ती राहिलीच. पुढे खोली झाली, गाव विसरलं. आत्याबाई विसरल्या नाहीत.

तर कुलूप लावून साहेब आमच्या अंगणात येऊन तणतणले, "ही शाळा बेकायदा आहे."

"शाळा कुठाय साहेब?" आत्याबाई म्हणाल्या. " लेकरं बसलीत माझ्या दारात. पाणी प्या. पाढे येत असले तर तुमी बी बसा."

"उद्या पोलीस घेऊन येतो," म्हणत साहेब गेले.

संध्याकाळी व्यंकटरावांची बायको शालूबाई आली. तिची नात प्रतीक्षा आमच्याच शाळेत. "कमलबाई, उद्या आमच्या अंगणात भरवा. बघू कोण उठवतं! फळ्याला गडी पाठवते."

"गडी न्हाई चालत."

वरची आळी सोबत नसली तर पोलीस आम्हाला सहज उठवतील. मी आत्याबाईंचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

शालूबाई फळ्याजवळ गेली. मग खाली बसली.

"चुंबळ हाय का?"

आत्याबाईंनी जुन्या लुगड्याची चुंबळ वळून स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर ठेवली. आम्ही दोघींनी मिळून फळा चढवला.

"सांभाळून चाला, शालूबाई," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या सासूची पाळी हाय ती."