पान एकतीसला उघडणारी वही

मी एक वही. शंभर पानी, निळ्या शाईनं भरलेली. बोलायला तोंड नाही, तरी बोलते.

पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावी लीलाबाई शिकवायच्या. बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हा त्यांनी पोरांसाठी माझ्यात एक खेळ लिहिला, शापित रानाचा. रानातली पाखरं मुकी झालीत आणि शाप आपण सोडवायचा. प्रत्येक पानाखाली दोन वाटा. 'ओढा ओलांडायचा तर पान नऊ. मागं फिरायचं तर पान चौदा.' पोरं माझ्यावर तुटून पडायची.

पान एकतीस त्यांचं फार लाडकं. 'शाप जुन्या जांभळीत बसलाय. तोडा तिला!' तोडणाऱ्यानं पान चाळीस काढायचं, आणि बाईंची मेख तिथं होती. 'फसलात! शाप कुऱ्हाडीत होता. रान मेलं. पुन्हा पान एकवर या.' फसलेल्याला हसायला सगळे टपलेले. एकतीस इतक्यांदा उघडलं गेलं की माझी शिवण तिथंच सैल झाली. कुणी सहज हातात घेतलं तरी मी तिथंच उघडायची.

गावाला देवराई होती. तिच्यातही एक जुनी जांभूळ आणि तिच्या मुळाशी झरा. झरा बारीक झाला, तशी जांभूळ तोडायची भाषा निघाली. तात्याबा गुरवानं देवीला कौल लावला. ओली फुलं मूर्तीला दोन्ही अंगांना चिकटवली. उजवं पडलं तर तोडायचं, डावं पडलं तर नाही. दोन दिवस एकही फूल हललं नाही.

"झाडच पाणी पितंय," शाळेत पोरगा असलेला आकाराम म्हणाला. "बाईंच्या वहीत रानाचा शाप सोडवायचं लिवलंया. तीच ठिवा द्येवीम्होरं. उघडंल त्यो कौल."

बाई सुट्टीला सांगलीला गेलेल्या. झऱ्याखाली राहणारी हरणाबाई तेवढी आडवी आली. "आवं, पोरांचा ख्योळ हाय त्यो! सावली गेली तर झराबी जाईल."

तिला कुणी जुमानलं नाही. मला शाळेतून आणून हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. खरं सांगते, मी फुगले. शाळेच्या कपाटातली साधी वही मी, आणि अख्खं गाव माझ्यापुढं हात जोडून! तात्याबानं मला उभी धरली आणि हात सोडले. मी कुठं उघडले, ते सांगायला नको. आकारामनं ते मोठ्यानं वाचलं. पान चाळीस कुणी काढलंच नाही. कौल मिळाल्यावर पुढं वाचायची रीत नाही.

दुपारपर्यंत जांभूळ आडवी झाली. झऱ्यावर ऊन आलं.

जूनमध्ये बाई परतल्या, बुंधा बघून आल्या आणि मला कपाटात कोंडलं. गावाला चाळिसावं पान दाखवायचा त्यांना धीर झाला नाही. शिमग्याला झरा आटला. हरणाबाई नदीवरून घागर घेऊन चढली आणि शाळेच्या पायरीवर टेकली. तेव्हा कुठं बाईंनी मला काढून तिला ते पान वाचून दाखवलं.

हरणाबाईनं नीट ऐकून घेतलं. "मंग चला की बाई," ती म्हणाली. "पान एकवर कसं जायाचं, तेवढं सांगा."

बाईंनी मला मिटलं.

आज मी सांगलीला, विश्रामबागेत बाईंच्या ट्रंकेत आहे. मी कधी तुमच्या हाती लागले, तर एकतीसला उघडेनच; ती खोड आता जायची नाही. तुम्ही तिथं थांबू नका, एवढंच मागते. आणि जमलं तर पहिलं पानही वाचा. त्यावर बाईंचं अक्षर अजून स्वच्छ आहे: 'रान उभं आहे. झरा वाहतो आहे. पुढचं तुमच्या हाती.'