बाहेरचा पाइप

"बांबू आत नेता येणार नाही," कारखान्याच्या सुरक्षा विभागाची शू म्हणाली.

"मग त्याने वाट कशी ओळखायची?" युलानने विचारलं.

शूने हातातला नियमांचा कागद पुन्हा चाळला. ती कॉलेजातून नुकतीच नोकरीला लागली होती आणि अशा कामासाठी तिला पहिल्यांदाच पाठवलं होतं. गुरुजींच्या हातातला बांबू माणसाहून उंच होता. शेंड्याला पानं हिरवीच ठेवली होती आणि खाली पांढऱ्या कापडाची पट्टी लोंबत होती. पट्टीवर युलानच्या नवऱ्याचं नाव होतं, फान शुन-च्वान. अपघातात गेलेल्या माणसाला जिथे तो पडला तिथून हाक मारून घरी न्यायचं असतं. तो या बांबूच्या मागोमाग येतो. शुनचा श्वास दवाखान्यात थांबला होता, पण गुरुजी म्हणाले होते, "श्वास कुठेही थांबू दे, माणूस पडल्या जागीच राहतो."

"पानांवर धूळ असते, काकू," शू म्हणाली. "खाली तळघरात धूळ चालत नाही. आणि उदबत्ती तर अजिबातच नाही. धूर झाला की सगळ्या इमारतीचे भोंगे वाजतील."

"वाजू देत की," मागून शुनचा कामातला जोडीदार आ-तिएन म्हणाला. "आपण आलोय हे शुनला तरी कळेल."

कोणालाच हसावं की नाही ते समजेना. मग युलानच हसली आणि सगळे सैलावले.

शेवटी शू आत जाऊन स्पिरिटमध्ये भिजवलेली फडकी घेऊन आली. कारखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसून चौघांनी बांबूचं एकेक पान पुसून काढलं. बाहेर सिंचू शहराचा शरदातला कोरडा वारा सुटला होता आणि पुसलेल्या पानावर पुन्हा धूळ बसू नये म्हणून युलान पाठ करून बसली होती. बांबू लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा गुरुजींनी बुंध्याकडून तो कापला. कापताना ते पुटपुटून माफी मागत होते, बांबूची की शुनची, कोण जाणे.

आ-तिएन आणि शुन गेली कित्येक वर्षं जोडीने पाइप बसवत होते. दोघेही हक्का जमातीचे, दोघेही जूदोंग गावचे. शुन आधी संत्र्याच्या बागांतले पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. नदीकाठी चिपचे कारखाने उभे राहिले तसा तो पाण्यावरून आम्लांवर आला. कारखान्यात वर काय बनतं ते त्याने कधीच पाहिलं नाही. लेकीने, पेइ-जेनने, एकदा विचारलं होतं, "बाबा, चिप दिसते कशी?" तो म्हणाला होता, "मला काय माहीत? मी तिला पाणी पाजणारा."

ते पाणी नव्हतं, म्हणून पाइप दुहेरी असत. आतला दुधी रंगाचा, टेफ्लॉनच्या जातीचा. त्याला कुठलंच आम्ल खात नाही. त्याच्यावरून बाहेरचा पाइप, काचेसारखा आरपार दिसणारा. आतला कुठे झिरपला तर बाहेरचा ते झेलतो. झिरपलेलं दोघांच्या मधल्या जागेतून वाहत सगळ्यात खालच्या पेटीत जमतं, दिसतं, आणि पेटीची तोटी उघडून काढून घेता येतं. आतला जोडायच्या आधी त्याच्यावर बाहेरचा ओवून ठेवावा लागतो. तेवढं विसरलं की पक्का झालेला जोड कापून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फिटर एकदा तरी विसरतो. शुन विसरला तेव्हा आ-तिएनने वर्षभर त्याला जेवायच्या वेळी छळलं होतं. "शुन, आधी सदरा, मग कोट! की कोट घरीच राहिला?"

तेव्हापासून शुनने एक नेम धरला. आतला जोडला की बाहेरचा सरकवून चिकटवल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. "त्याला उघडा टाकून आपण डबे खायचे? बरं दिसतं का?" असं म्हणायचा.

त्या दिवशी नव्या लाइनवरचा आतला जोड झाला होता आणि बाहेरचा सरकवायचा राहिला होता. तेवढ्यात वरून निरोप आला, शेजारच्या जुन्या लाइनच्या पेटीत पाणी दिसतंय, तेवढं काढून टाक. ती लाइन आदल्याच दिवशी पाण्याने धुतली होती, त्यामुळे सगळ्यांना ते धुतलेलंच पाणी वाटलं. ते आतून झिरपलेलं रसायन होतं. रंग नाही, दिसायला पाण्यासारखंच. ते कातडीतून आत शिरतं आणि श्वास चालवणारे स्नायू बंद पाडतं. तोटी निसटली आणि शुनच्या दोन्ही मांड्या भिजल्या. त्याने नियमाप्रमाणे फवाऱ्याखाली उभं राहून पाय धुतले. आ-तिएन दोघांचे डबे घेऊन वरून खाली आला, तोवर शुन बसला होता आणि बोलायला जाऊन त्याला बोलता येत नव्हतं.

लिफ्ट तळघरात थांबली. पंपांची घरघर होती आणि डोक्यावर पाइपांच्या रांगा होत्या. शुन पडला ती जागा पिवळ्या पट्ट्यांनी बंद केली होती. पट्टीपलीकडे नव्या लाइनचा तो जोड दिसत होता, दुधी, उघडा. बाहेरचा पाइप बाजूला सरकवलेला तसाच होता.

गुरुजींनी घंटा वाजवून हाक मारायला सुरुवात केली.

"गुरुजी, हक्कात बोला," युलानने त्यांना थांबवलं. "साहेबांच्या भाषेत कोणी बोललं की तो 'हो हो' म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही."

गुरुजींनी हक्कात हाक मारली. मग लाकडाचे कौल युलानच्या हातात दिले. अर्ध्या चंद्रासारखे दोन तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणा पडला आणि एक पालथा, तर होकार. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे डुलत राहिले, तर तो नुसता हसतोय.

"शुन, मी आले. घरी चल," युलान म्हणाली आणि कौल टाकले.

दोन्ही पालथे.

"थंडी वाजते का? कपडे आणलेत. घरी गेल्यावर जाळते, की पोचतील तुला."

पालथे.

"भूक लागली? मुळ्याचं लोणचं घालून अंडं केलंय. इथे आणू देत नाहीत रे, बाहेर गाडीत आहे."

पालथे.

"म्हणजे अंड्यासाठीसुद्धा येत नाही," आ-तिएन हळूच म्हणाला. "मग काहीतरी मोठंच अडलंय."

"पेइ-जेन आली नाही म्हणून रागावलास?" युलानने विचारलं. "तिला दिवस भरत आलेत, असल्या ठिकाणी येऊ नये. मुलगा होणार आहे म्हणे. तू आजोबा होणार."

कौल उताणे पडले आणि कितीतरी वेळ डुलत राहिले.

"हसतोय," गुरुजी म्हणाले.

युलानने तोंडावर हात दाबून धरला. शूने मान वळवली आणि ती पाइपांकडे बघू लागली. पण हसणं म्हणजे होकार नव्हे. पुन्हा टाकले, पुन्हा पालथे. वेळ जात होता. शूला दिलेली मुदत संपत आली होती, पण ते तिने बोलून दाखवलं नाही.

आ-तिएन पट्टीजवळ जाऊन उभा राहिला होता. त्याची नजर त्या उघड्या जोडावरून हलत नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "मला कळलं तो का येत नाही."

युलाननेही तिकडे पाहिलं. नवऱ्याचा नेम तिला ठाऊक होता.

"शू, हे आत्ता झाकता येईल का?" आ-तिएनने विचारलं. "नुसतं सरकवायचं आणि चिकटवायचं."

"नाही, काका. सरकारी तपासणी व्हायचीय. पुढच्या आठवड्यापर्यंत कुणीच हात लावायचा नाही. मीसुद्धा पट्टीच्या आत जाऊ शकत नाही." ती पट्टीपासून एक पाऊल मागे सरली. "मला खरंच करता येत नाही हो."

"मग मी शब्द देतो. पट्ट्या निघाल्या की मी येऊन झाकीन."

"तू नाही," युलान एकदम म्हणाली.

आ-तिएनने काम सोडलं होतं. सासऱ्यांकडे शिनपू गावात काकी नावाची केशरी फळं सोलून वाऱ्यावर वाळवायचं काम होतं, तिकडे जाणार होता. सकाळी कारखान्याच्या दारात त्याने हे सांगितलं तेव्हा युलानने त्याचा हात धरून म्हटलं होतं, चला, एक तरी सुटला. शुन गेल्यापासून तिला बरी वाटलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"दुसरा कोणी झाकेल," ती म्हणाली. "इथे काय फिटर कमी आहेत? तू पुन्हा या पाइपांखाली उभा राहायचं नाहीस. तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

"वहिनी, दुसऱ्याने केलेला जोड त्याने कधी मानलाय का? माझासुद्धा दोनदा तपासायचा."

"मी विचारते ना त्याला." ती वळली आणि कौल छातीशी धरले. "शुन, ऐक. ते झाकतील. कोणीतरी झाकेल. आ-तिएनला जाऊ दे. तू माझ्यासाठी चल. मी आलेय, मी, एवढं पुरे नाही का?"

कौल पडले. एक तुकडा घरंगळत पट्टीखालून पलीकडे गेला. चौघांनी वाकून पाहिलं. दोन्ही पालथे.

युलान खाली बसली. पंपांच्या आवाजात तिचं रडणं ऐकू आलं नाही, फक्त खांदे दिसत होते. शूने पट्टीखालून हात घालून तो तुकडा काढून दिला. मघाशी हात लावायचा नाही म्हणणारी तीच, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. युलानने दोन्ही तुकडे पदराने पुसावेत तसे सदऱ्याच्या कडेने पुसले, बराच वेळ तसेच धरून ठेवले, आणि मग आ-तिएनपुढे केले.

"तुझंच ऐकतो तो," ती म्हणाली. "आयुष्यभर तुझंच ऐकलं."

आ-तिएन गुडघ्यांवर बसला. "शुन, मी झाकतो. जेवायच्या आधी. आता वहिनींना छळू नकोस, चल."

एक उताणा, एक पालथा.

गुरुजींनी लगेच बांबू उचलला. आता बाहेर पडेपर्यंत प्रत्येक वळणावर, प्रत्येक दारापाशी त्याला सांगायचं असतं, नाहीतर तो मागे राहतो. पण युलान या इमारतीत पहिल्यांदाच आली होती. कुठे वळायचं ते तिला माहीत नव्हतं. शू तिच्या कानाशी हळूच सांगू लागली आणि युलान ते मोठ्याने म्हणू लागली. "दार आहे, शुन. जरा वाकून." "लिफ्ट आलीय, चढ." मग युलानचा आवाज बसला. कॉरिडॉर पुढे दोन्हीकडे फुटत होता. शू पुढे झाली.

"डावीकडे, फान काका," ती म्हणाली. "इथून डावीकडे."

बाहेर युलान आणि गुरुजी गाडीत बसले. आ-तिएन स्कूटरवरून मागून येत होता. नदीवरचा पूल आला तेव्हा युलानने खिडकीची काच खाली केली, पण तिचा आवाज अजून बसलेलाच होता. मागून वाऱ्यात आ-तिएनची आरोळी आली. "पूल आला रे, शुन! पाण्याकडे बघू नकोस, नीट चल!"

पुढच्या आठवड्यात पट्ट्या निघाल्या. तेवढ्या एका जोडासाठी परत आलेल्या आ-तिएनला, जोडीला माणूस उद्या मिळेल, असं सांगण्यात आलं. तो म्हणाला, उद्यापर्यंत कशाला. त्याने दुधी जोड पुसला, दोनदा तपासला. बाहेरचा पाइप त्याच्यावरून सरकवत आणला, कडेला गोंद लावला आणि दाबून बसवला. हे काम दोघांचं असतं. एकाने इकडून दाबायचं, दुसऱ्याने तिकडून रेटून धरायचं, नाहीतर ओला जोड हळूहळू मागे सरकतो. दुसरं टोक त्याने आपल्या खांद्याला टेकवलं आणि दोन्ही हातांनी जोड धरला. जेवायची वेळ झाली. पंपांजवळची माणसं एकेक करून लिफ्टकडे गेली. गोंद धरेपर्यंत हलायचं नसतं. तो हलला नाही.