उष्णतेची यादी

टप्.

जेवताना सगळे गप्प होते म्हणून ऐकू आलं. सगळ्यांनी नळाकडं पाहिलं. आमच्या डोंगरकडा गावाला नळ चार दिवसांआड येतो, आणि आज तो दिवस नव्हता. दुसरा टप् झाला तेव्हा आम्रपाली म्हणाली, "माझं हाय. ताटलीत पडलं, वरणात न्हाई."

माझी पोरगी, सात वर्षांची. घोळणा फुटून नाकातून रक्त यायची त्या महिन्यातली ही सहावी खेप.

माझे सासरे, जळबामामा, उठले. बुक्कीनं कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, तिचं डोकं मागं झुकवलं, टाळूवर गार पाणी थापलं. हे सगळं ते फार मायेनं करतात आणि त्यानं काहीच होत नाही.

"उष्णता," ते म्हणाले.

उष्णतेपायी तोवर शेंगदाणे, गूळ, अंडं आणि आंबा बंद झाले होते. मग कानटोपी. मग टीव्ही, कारण तो मागून तापतो. काही बंद केलं की चार दिवस बरे जायचे आणि मामा म्हणायचे, "पाहा." पाचव्या दिवशी टप्.

शेवटी शाळेतल्या बाईंनी तिला घरी पाठवलं. बाकीची लेकरं भितात, म्हणाल्या. इलाज करून आणा. म्हणून हिंगोलीला गेलो. आमचे हे केळीचा ट्रक घेऊन दूर गेलेले, तेव्हा सोबत मामा.

डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून नाकात पाहिलं. या वयात चिंचोके निघतात, मणी निघतात. आमच्या पोरीच्या नाकात काही निघालं नाही.

"घरात कोणाचं रक्त लवकर थांबत नाही, असं आहे का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "आमचं घराणं एकदम बराबर हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं.

मला तेराव्या वर्षापासून महिन्याचे नऊ दिवस अंगावरून जातं. माहेरी, शिरड शहापूरला, पहिल्यांदा आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्यात असंच राहतं," आणि दोन जुनी लुगडी फाडून दिली. तिला तिच्या आईनं एकच दिलं होतं, म्हणजे ही मायाच. आम्रपालीच्या बाळंतपणात मला दोन बाटल्या रक्त चढवलं. पण ते बायांचं. त्याचा नाकाशी काय संबंध, असं मला खरंच वाटायचं. आणि संबंध असता तरी सासऱ्यासमोर कोणती सून बोलते?

तपासणीत रक्ताच्या पेशी पुऱ्या निघाल्या. मामा खूश झाले. त्यांनी आणखी लोणचं बंद केलं.

मग तिचा दात पडला. दुधाचा, हलत होता, आपोआप पडला. सोमवारी सकाळी पडला आणि मंगळवारी दुपारीही रक्त येतच होतं. मामांनी घरभर नजर फिरवली. बंद करायला घरात काही उरलं नव्हतं. पोरगी पांढरी पडली होती आणि मलाच समजावत होती, "थोडंच हाय आई. मी गिळून राहिले ना."

पुन्हा हिंगोली. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं.

"आमचं घराणं..." मामांनी सुरू केलं.

"मला जातं," मी म्हणाले. "महिन्याला नऊ दिवस. गाठी पडतात. माझ्या आईलाबी जायचं."

मामा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले. त्यांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, आणि चष्मा घरी होता.

डॉक्टर रागावल्या नाहीत, लिहीत राहिल्या. आधी सांगायचं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मीच मला म्हणाले.

दोघींचं रक्त तपासायला लांब पाठवलं. पंधरा दिवसांनी कळलं की रक्त गोठवणारं एक द्रव्य आमच्या दोघींत कमी आहे. फॉन विलेब्रांड असं त्या आजाराचं नाव. जन्मापासूनचा, माझ्याकडून तिच्यात आलेला. असे पेशंट कमीच येतात, डॉक्टर म्हणाल्या. पण बाया सांगत नाहीत, तेव्हा खरंच कमी आहेत का ते माहीत नाही. रक्त आलं की डोकं मागं न्यायचं नाही, पुढं वाकायचं आणि नाक दहा मिनिटं चिमटीत धरायचं. जास्तच आलं तर गोळ्या. गोळ्या मलाही लिहून दिल्या.

येताना कळमनुरीला एसटी थांबली तेव्हा मामा उतरले आणि भाजलेल्या शेंगदाण्यांच्या दोन पुड्या घेऊन आले. एक आम्रपालीला दिली. दुसरी माझ्या हातात दिली. एरवी मला काही द्यायचं तर ते मध्ये ठेवतात, मग मी उचलते.

"शेंगदाण्याचा काही कसूर नव्हता," ते खिडकीकडं पाहून म्हणाले.

आम्रपाली पुढं वाकून, नाक चिमटीत धरून सराव करत होती. तशीच नाकातून बोलली, "आई, तुझंबी असंच जातं?"

"व्हय."

"अन् शिरडच्या आजीचंबी?"

"व्हय."

तिनं नाक सोडलं. एक शेंगदाणा सोलला, साल फुंकली.

"मंग माझं आलं तवा सगळे धावले. तुमचं आलं तवा कोणीच काहून न्हाई धावलं?"