पाचवे वाक्य

निरोपात चार वाक्ये होती आणि चारही गोड होती. बाईंना संशय यायला तेवढे पुरेसे होते.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

टेपने पुन्हा सांगितले. प्राचीन ग्रीक महाकाव्याचा वर्ग आणखी तीन वर्षे चालेल. दुसऱ्या मजल्यावरची खोली विभागाकडेच राहील. हंगामी अध्यापकाची नेमणूक कायम होईल. या विषयाचा आजच्या जीवनाशी संबंध काय, यावर बाईंनी सोमवारपर्यंत एक पान लिहून द्यावे. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. विद्यार्थी असताना एकदा ऐकलेल्या तीनशे ओळी तो घडाघडा म्हणून दाखवी, तेव्हापासून सारा विभाग त्याला टेप म्हणत असे. आता चाळिशी उलटली, केस मागे हटले, तरी नाव तेच होते आणि नेमणूकही तीच: हंगामी. अकरा वर्षांचा हंगाम निसर्गात नसतो, पण विद्यापीठाचे पंचांग वेगळे.

"तोंड असं का केलंत, बाई? चांगली बातमी आणलीय, मयताची नाही."

"कुणाकडून आणलीस, ते बघतेय."

"संचालकांकडून. माणूस बदलतो कधीकधी."

"माणूस बदलतो. संचालक नाही."

टेप हसला आणि तासाला गेला. बाई मात्र खुर्चीत तशाच बसून राहिल्या. दोन वर्षांपूर्वी विद्यापरिषदेच्या बैठकीत त्यांनी संचालकांच्या ग्रंथाची प्रस्तावना आणि आपल्या दिवंगत गुरूंची व्याख्याने शेजारी शेजारी ठेवली होती. बारा परिच्छेद सारखे होते. सारखेपणाखाली त्यांनी तांबड्या शाईने रेघा मारल्या होत्या. परिषदेने चहा घेतला आणि थोरांचे विचार जुळतात असा निर्णय दिला. त्या दिवसापासून संचालक जिन्यात भेटले की बाईंना वाकून नमस्कार करीत. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर पेल्यात पुन्हा दूधच होते, वर साखर होती.

आणि बाईंचे सारे आयुष्य निरोपांच्या अभ्यासात गेले होते. त्या महाकाव्यात निरोप्या जे ऐकतो तेच अक्षरशः बोलतो. ओळींमागून ओळी जशाच्या तशा परततात. एकाच ठिकाणी दूत शब्द गिळतो. अपमानित होऊन रुसलेल्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याला राजा भेटी देऊ करतो: घोडे, सोने, सात नगरे, स्वतःची मुलगी. दूत सगळी यादी बिनचूक म्हणतो. फक्त राजाचे शेवटचे बोलणे तो पोटात ठेवतो: त्याने माझ्यापुढे नमावे, कारण मी मोठा आहे. या मौनावर बाईंनी चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. टेपने तो तोंडपाठ केला होता.

म्हणजे काय गाळायचे, हे त्याला ठाऊक होते. का गाळायचे, तेही तिसऱ्या वाक्यात स्पष्टच होते: नेमणूक त्याचीच होती. ज्याला हाताला धरून लिपी शिकवली, त्यानेच? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे मनात येताच बाई उठल्या आणि जिना उतरल्या. टेपला विचारावे, हे त्यांच्या मनातही आले नाही. दूताला कोणी विचारत नाही. पाठाची तुलना मूळ प्रतीशी करायची असते.

संचालकांच्या दालनात गालिचा इतका जाड होता की माणसाला स्वतःच्या येण्याचाही आवाज येऊ नये. कोपऱ्यात त्यांचे वयस्क स्वीय सहायक वहीत काहीतरी टिपत बसले होते.

"या, या! पान झालंसुद्धा?"

"पान होईल. आधी शेवटचं वाक्य ऐकायचंय."

"कोणतं वाक्य?"

"निरोपाचं. तुम्ही सांगितलेलं आणि त्यानं माझ्यापासून लपवलेलं. अट काय आहे, ती तुमच्याच तोंडून ऐकते."

संचालकांनी भुवया उंचावल्या, मग सहायकांकडे वळले. "वाचा हो, परवा काय सांगितलं होतं ते."

सहायकांनी चष्मा सावरून वाचले. वर्ग तीन वर्षे. दुसऱ्या मजल्यावरची खोली. नेमणूक कायम. एक पान, सोमवारपर्यंत. त्यांनी वहीचे पान उलटून पाहिले. "पुढे कँटीनच्या पंख्यांचं आहे, साहेब."

साप म्हणून भुई धोपटणाऱ्याला भुईच दिसावी, तशी ती चार वाक्ये बाईंना प्रथमच दिसली: साधी, पुरी, कंटाळलेल्या माणसाने विद्यापीठाच्या तपासणीसाठी बाहेरून समिती येण्याआधी उरकलेली. संचालकांच्या चेहऱ्यावर मात्र झोपेतून उठल्यासारखी तरतरी येत होती.

"पाचवं वाक्य नाहीये, बाई," ते हळूच म्हणाले. "पण तुमच्यासारख्या विदुषीला ते असायला हवं असं वाटतं, म्हणजे असायलाच हवं. लिहा हो: दोन वर्षांपूर्वी माझ्यावर केलेला आरोप गैरसमजातून होता, असं बाई त्याच पानावर लिहून देतील. आणि ते आल्याशिवाय वरचं काहीच नाही."

सहायकांनी बाईंकडे क्षणभर पाहिले आणि लिहिले.

टेप तास संपवून खोलीत आला होता. बाईंनी त्याला सगळे सांगितले. स्वतःला सवलत दिली नाही. तो ऐकत असताना खडूने पांढरी झालेली बोटे एकमेकांवर घासत राहिला.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी गाळलं."

"हो."

"वीस वर्षं ओळखता मला. 'आणखी काही म्हणाले का रे?' एवढं विचारलं असतंत तर?"

"ते सुचलं नाही."

"निबंध सुचला." तो हसला, पण ते हसणे बाईंच्या ओळखीचे नव्हते. "नाही म्हणा त्यांना. माझ्यासाठी खोटं लिहू नका. लिहिलंत तरी मी तो कागद खाली नेणार नाही. निरोप पोहोचवणं बंद."

नाही म्हणणे सोपे होते. बाईंची नोकरी पक्की, निवृत्तीला दोन वर्षे; वर्ग बंद पडला तर पेटी आवरून घरी जाणार होता तो टेप, दोन मुली आणि आजारी सासरे यांच्याकडे. तो योद्धाही नाही म्हणाला होता आणि तंबूत सुखरूप बसला होता. मेला त्याचा मित्र, त्याचेच चिलखत घालून त्याच्याऐवजी लढताना. तीस वर्षे बाई परीक्षेत प्रश्न घालीत: या नकाराची किंमत कोणी मोजली? गुण दहा. मुले कारणे, परिणाम, मतभेद असे लिहून आठ गुण मिळवीत. स्वतः बाईंनी तो प्रश्न कधी सोडवला नव्हता.

त्यांनी कागद घेतला. गुरूंचे बारा परिच्छेद त्यांना पाठ होते. ते आठवत असतानाच त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले की आरोप गैरसमजातून होता. खाली सही केली. टेप खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याने वळून पाहिले नाही, आणि बाईंनीही हाक मारली नाही. त्या कागद घेऊन स्वतःच खाली गेल्या.

संचालकांनी वाचले. एकच ओळ होती; त्यांनी ती तीनदा वाचली.

"हे झालं. पण पान कुठंय? विषयाचा आजच्या जीवनाशी संबंध?"

"तेच आहे ते," बाई म्हणाल्या.

संचालक थांबले. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली, मग खिडकीतल्या उजेडासमोर धरला, आणि शेवटी सहायकांना जवळ बोलावून विचारले, यात आणखी काही लिहिले आहे का?