चौथं थान

"पान्हा आला, ओढ तिले!" बाबा ओरडला.

मी दावं धरलं, पण ओढलं नाही. आठवड्याची पारडी म्हशीच्या कासेला ढुसण्या देत होती. आत्ता कुठे तिच्या तोंडात धार आली होती.

"दामिनी, कान फुटले का तुये?"

"पिऊ दे ना. चांदीचं काय झालं, पाहून राहिला ना तू?"

चांदी याच म्हशीची थोरली पारडी, आता वाढलेली वगार. चार वर्षांची झाली, एकदाही माजावर आली नाही. काल ढोरांच्या डॉक्टरने हात घालून तपासलं. म्हणाला, "पिशवी बारकीच राहिली हिची. लहानपणी दूध पाजलं का पोटभर?"

"पाजलं ना, पान्ह्यापुरतं," बाबा म्हणाला.

आमच्या घरी तसंच चालतं. पारडीने चार घोट ओढले की तिला बांधायचं, चारही थानं बादलीत. सगळं दूध डेअरीवर. डॉक्टर म्हणाला, आता सरकीची ढेप चारून पाहा, पण भरवसा नाही. तो गेल्याबरोबर बाबाने चांदीला विकायला ढोरांच्या व्यापाऱ्याला, केवळरामला, फोन लावला.

"चौथं थान हिचं," मी म्हटलं. "तीनच काढ."

"अन् डेअरीवर दूध कमी गेलं तं?"

"मी बोलीन तिथं."

"मोठी डॉक्टरीन लागून गेली! शाळा सोडून घरी बसली, अन् मले शिकवून राहिली."

माझं डोकं सटकलं. बादलीला लाथ मारली. "हिलेबी मोठी करून केवळरामलेच द्यायची असन, तं आजच दे! चारा तरी वाचन."

बाबा उठला. वाटलं, आता मारतो. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. त्याने पारडीला खुंट्याला बांधलं आणि चांदीला सोडलं.

केवळरामने तिच्या पाठीवर थाप मारली. "अंगानं बरी हाय, गोमाजी. पण वांझ."

"वांझ नाई," मी म्हटलं. "उपाशी वाढली ते."

"पोट्टी लय बोलते तुयी!" तो हसला. बाबा हसला नाही.

चांदी गाडीच्या फळीवर पाय ठेवेना. शेवटी बाबानेच तिला चुचकारत वर चढवलं. गाडी तुमसरच्या रस्त्याला लागली. गोठ्यात म्हैस रेकली.

बाबा येऊन म्हशीजवळ उकिडवा बसला. लवंडलेली बादली धुतली. तीन थानं काढली. चौथ्याला हात लावला आणि थांबला.

"सोड तिले," माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी सोडलं. म्हैस रस्त्याकडे मान करून रेकतच होती. पारडी पीत होती. तोंडाला फेस आला, पोट टणक झालं, मग तिनेच थान सोडलं.