इन्शाल्ला, आबा

आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलातले सर फोनवर म्हणाले, "शिवांगी, तुझे आबा पडलेत. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन मी करीन गं, पण थिएटरला सिस्टर कुठंय? तू गेलीस त्या जागेवर कोणी टिकलंच नाही."

घ्या! म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर. मी मस्कतला अल् घुब्रातल्या हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या आबांच्या ऑपरेशनला हत्यारं देत उभी, आणि माझे आबा तिकडे पायाला वजन बांधून पडलेले.

"पगार वाढवा की मग," मी तडकले.

"कशातून? सरकारी विम्याचे पैसे भागाप्रमाणे येतात. आपला भाग कमी मजुरीचा, म्हणून त्याच ऑपरेशनचे आपल्याला कमी. कमी येतात म्हणून मी पगार कमी देतो. म्हणून तुम्ही पोरी पळता. आणि आपल्याकडचे पगार कमी दिसले की दर पुन्हा खालीच."

कुठल्या शहाण्याने काढलं असेल हे? फोन आपटावासा वाटला.

कोल्हापूरला त्याच विम्यावर बेड मिळत होता, पण तो उद्यापर्यंतच धरून ठेवणार होते. पाठवा, म्हटलं. या वयात खुबा मोडून पडून राहिलं की छाती भरते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आबा एक नंबरचे हट्टी. "शिवू येत असेल तर हितंच कापा. नायतर हातच लावू नका."

म्हणून सुट्टी मागायला गेले. करार पुरा व्हायच्या आधी सुट्टीशिवाय निघालं की व्हिसा रद्द, आणि घर चालतं माझ्यावर. मॅनेजर गोड हसून म्हणाला, "इन्शाल्ला, सिस्टर."

झालं! मनापासून म्हणणारे म्हणतात तेव्हा गोष्ट वेगळी. या बाबाच्या तोंडून हा शब्द आला की समजायचं, नाही. पगारवाढ इन्शाल्ला, खोलीतला एसी इन्शाल्ला. आम्ही मुलीसुद्धा एकमेकींना चिडवतो, "भांडी घासशील?" "इन्शाल्ला!"

संध्याकाळी कोल्हापूरला न्यायची गाडी दारात उभी करून माझ्या भावाने, धनंजयने, स्पीकर लावून फोन आबांपुढे धरला.

"येशील ना गो शिवू?"

केवढा बारीक झाला होता आवाज. नाही म्हणायला जीभच उचलेना. तोंडातून गेलं, "इन्शाल्ला, आबा."

"काय म्हणाली ही?" आबांनी शेजारच्या खाटेवर विचारलं. तिथे आमच्याच गावचे हुसैनमियाँ होते, एकही नमाज न चुकवणारे.

"अल्लाच्या मर्जीनं येते म्हणाली, भिकाजीदादा. असा शब्द दिलान, म्हणजे येणारच पोर."

"मग झालं तर! धन्या, ती कोल्हापूरची गाडी परत पाठव."

"आबा, ऐका माझं. धनू, गाडी थांबव!" मी ओरडले. पण तिकडे आबा अख्ख्या वॉर्डाला सांगत सुटले होते, माझी लेक येतेय मस्कतहून. धनंजय हळूच म्हणाला, "ताई, दोन दिवसांनी हसले गं ते. नाही म्हणायचं तर तूच सांग."

त्याने फोन पुन्हा आबांच्या कानाला लावला.

"आबा..."

"सावकाश ये गो. मी थांबतो."

येत नाही, हे सांगायलाच मी तोंड उघडलं होतं.

"हो आबा," म्हणाले.